३० आणि ६० मिलीचे स्टीलचे पेग मेजर: घ्या, पण आधी पाण्याने तपासा

वस्तू साधी आहे. डमरूच्या आकाराचे स्टीलचे माप, एका बाजूला ३० मिली, उलटे केले की ६० मिली. भांड्यांच्या दुकानात पेग मेजर म्हणून मागायचे, ऑनलाइन शोधताना ‘जिगर’ लिहिले की सापडते. मी पुण्यात रविवार पेठेतल्या एका दुकानातून १८० रुपयांना घेतले. त्याबद्दल एवढे सविस्तर लिहिते आहे, कारण या छोट्या मापाने ‘दोन पेग’ म्हणजे नेमके किती, हा आमच्या घरातला एक जुना वाद मिटवला, आणि तो वाद बऱ्याच घरांमध्ये असणार.

माझी सगळी नोकरी एका रुग्णालयाच्या बायोकेमिस्ट्री लॅबमध्ये झाली. तिथे मायक्रोलिटरचा हिशोब असतो. पिपेट चुकीची भरली तर रिपोर्ट चुकतो आणि कुणाचे तरी औषध बदलते. घरी मात्र यकृत, हृदय आणि झोप या तिन्हींवर परिणाम करणारा पदार्थ डोळ्यांच्या अंदाजाने ग्लासात पडत होता. माझा नवरा बुधवारी आणि शनिवारी व्हिस्की घेतो. शनिवारी धाकटे दीर धायरीहून येतात. दोघेही शांत माणसे, आवाज चढत नाही, जेवण वेळेवर होते. किती घेता असे विचारले की दोघांचेही उत्तर ठरलेले, “दोनच पेग.” गेल्या वर्षी नवऱ्याच्या तपासणीत ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, वाढलेले आले आणि सोनोग्राफीत ग्रेड एकचे फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात चरबी साठण्याची सुरुवातीची पायरी, लिहून आले. फॅमिली डॉक्टरांनी विचारले तेव्हाही तेच उत्तर गेले. मला ते “दोन” मिलीमध्ये हवे होते.

आधी मापाविषयी. घरी आणल्यावर किचनच्या डिजिटल काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला आणि पाणी भरले. एक मिली पाण्याचे वजन जवळजवळ एक ग्रॅम असते, त्यामुळे तपासणी सोपी आहे. या मापाच्या आत, काठाच्या जरा खाली, एक बारीक गोल रेघ कोरलेली आहे. ३० च्या बाजूला रेघेपर्यंत भरले तर काट्यावर ३० आले. काठोकाठ भरले तर ३३. मोठ्या बाजूला रेघेला ६१, काठाला ६५. मेडिकलमधून आणलेल्या १० मिलीच्या सिरिंजने पुन्हा ताडून पाहिले, तेच निघाले. १८० रुपयांच्या वस्तूकडून एवढी अचूकता पुरेशी आहे. मात्र रेघ कुठे आहे ते माहीत असायला हवे, कारण हात आपोआप काठापर्यंत भरतो आणि तिथे दहा टक्के जास्त जाते.

त्याआधी मुलीने बंगळुरूहून एक ऑनलाइन मागवून पाठवले होते. दिसायला देखणे, तांब्याचा मुलामा, पण आत एकही रेघ नाही. खोक्यावर ३० मिली लिहिलेल्या बाजूत काठापर्यंत ३८ मिली पाणी मावले. म्हणजे मोजून घेतोय असे समजणारा माणूस दर मापामागे पावपट जास्त घेणार. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. बाटलीबरोबर फुकट मिळालेले प्लॅस्टिकचे मापही तपासले, ते २७ भरले. व्यवसायात वापरायची पेग मापे वैधमापनशास्त्र विभागाच्या नियमांत बसतात आणि त्यांच्यावर पडताळणीचा शिक्का असावा लागतो. घरासाठी विकल्या जाणाऱ्या शोभेच्या मापांना असे कोणी तपासून पाठवलेले नसते, ते आपणच करायचे.

आता खरी गोष्ट. व्हिस्कीच्या रिकाम्या बाटलीत मी पाणी भरले आणि नवऱ्यापुढे त्याचाच नेहमीचा जाड बुडाचा ग्लास ठेवला. व्हिस्की पाण्याहून हलकी असते, तिच्या ३० मिलीचे वजन अठ्ठावीस ग्रॅमच्या थोडे वर भरते, म्हणून मुद्दाम पाणी. “नेहमीसारखा एक पेग भर,” एवढेच सांगितले. त्याने अजिबात हातचे न राखता, प्रामाणिकपणे भरला. काट्यावर ७५ ग्रॅम आले. दिरांनी शनिवारी भरला तो ८० च्या जवळ गेला. “वहिनी, हा ग्लासच फसवतो,” दीर म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे खरे आहे. रुंद, जाड बुडाच्या ग्लासात ७५ मिली तळाशी बोटभरच दिसते. वर बर्फ आणि सोडा पडला की काहीच कळत नाही.

इथून पुढचा हिशोब प्रत्येकाने एकदा कागदावर मांडावा असा आहे. आपल्याकडच्या व्हिस्की, रम, व्होडकाच्या बहुतेक बाटल्यांवर ४२.८ टक्के लिहिलेले असते. ३० मिलीत त्या हिशोबाने शुद्ध अल्कोहोल निघते सुमारे १० ग्रॅम. ७५ मिलीच्या पेगमध्ये २५ ग्रॅम. असे दोन पेग आणि आठवड्यातून दोनदा, म्हणजे १०० ग्रॅम. नवरा चार पेग मोजत होता, शरीराकडे ३० मिलीचे दहा स्मॉल पेग जात होते.

बिअर पिणाऱ्यांचा हिशोब याहून चुकलेला असतो, कारण बिअरला कोणी दारू म्हणून मोजतच नाही. ६५० मिलीच्या बाटलीत ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर असेल तर तिच्यात ४१ ग्रॅम अल्कोहोल असते, चार स्मॉल पेगांएवढे. माइल्ड असेल, ५ टक्क्यांची, तर साधारण २६ ग्रॅम. १३ टक्क्यांच्या वाईनच्या १०० मिलीत १० ग्रॅम, आणि आख्ख्या ७५० मिलीच्या बाटलीत ७७. म्हणून आमच्याकडे वाईनही आता याच मापाने मोजली जाते, एकदा ६०, एकदा ३०, वर थोडी. मोठ्या फुगीर ग्लासात ती फारच कमी दिसते. पहिल्यांदा पाहून दीर गप्प बसले होते.

हे सगळे ग्रॅम कशाला, तर ‘मर्यादेत पिणे आरोग्याला चांगले’ हे वाक्य ज्या अभ्यासांतून आले त्यांत मोजमाप ग्रॅममध्येच आहे. दीर वाईनचे मोठे समर्थक आहेत. नाशिकच्या द्राक्षमळ्यांतून ते बाटल्या आणतात, आणि त्यांचे ठाम म्हणणे, “वहिनी, रेड वाईन हृदयाला चांगली असते, हे डॉक्टरच सांगतात.” या समजाचा इतिहास मला माहीत आहे, कारण लॅबमध्ये आम्ही तो घडताना वाचला. १९९१ साली अमेरिकेतल्या एका लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमात फ्रेंच माणसे लोणी-चीज खाऊनही हृदयविकाराने कमी का मरतात याची चर्चा झाली आणि उत्तर म्हणून रेड वाईन पुढे आली. फ्रेंच संशोधक सर्ज रनो यांचा शोधनिबंध १९९२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. अमेरिकेत रेड वाईनचा खप झपाट्याने वाढला. मग रेस्व्हेराट्रॉल नावाचे द्राक्षाच्या सालीतले द्रव्य प्रसिद्ध झाले. एक लिटर रेड वाईनमध्ये ते मोजके काही मिलिग्रॅम असते, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत त्यांच्या वजनाच्या मानाने त्याहून कितीतरी जास्त दिले गेले होते. द्राक्षे खाऊन जे मिळेल ते द्राक्षांतूनच घ्यावे, त्यासाठी बाटली उघडायची गरज नाही, एवढे मी दिरांना त्यांच्या तोंडावर सांगितले आहे.

पण समज निव्वळ हवेतला होता असेही नाही. थोडी घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके कमी दिसतात, हे अनेक मोठ्या पाहण्यांत आले आहे. अल्कोहोलने एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल वाढते, ते मी रिपोर्टांत पाहिले आहे. रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्तीही थोडी कमी होते. अडचण दोन ठिकाणी आहे. एक, एचडीएल वाढवले म्हणजे हृदय वाचते हे गृहीतच डळमळले. एचडीएल भरपूर वाढवणारे टॉर्सेट्रापिब हे औषध २००६ मध्ये चाचणीच्या मध्येच थांबवावे लागले, कारण ते घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले. दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिची माणसे माझ्यासमोर बसून गेली आहेत.

लॅबच्या खिडकीवर रक्त द्यायला येणाऱ्याला आम्ही दारू घेता का विचारायचो. “नाही” म्हणणाऱ्यांत आयुष्यभर न घेतलेले असत, आणि काविळीनंतर, झटक्यानंतर किंवा मधुमेह हाताबाहेर गेल्यावर डॉक्टरांनी सोडायला लावलेलेही असत. फॉर्मवर दोघांचीही खूण एकाच चौकटीत. १९८८ मध्ये ब्रिटनच्या शेपर आणि सहकाऱ्यांनी नेमके हेच दाखवून दिले, की ‘न पिणारे’ या गटात आजारी पडून सोडलेले लोक मिसळलेले असतात, आणि त्यांच्याशी तुलना केली की थोडी पिणारा आपोआप धडधाकट दिसतो. त्यातून थोडी पिणारा माणूस बऱ्याचदा बऱ्या पगाराचा, नियमित तपासणी करणारा, चार मित्र असलेला असतो. २०२३ मध्ये १०७ अभ्यास एकत्र करून, अशा चुका दुरुस्त करून पाहिले गेले तेव्हा थोड्या पिण्याचा आयुष्य वाढवणारा म्हणण्याजोगा फायदा उरला नाही. चीनमध्ये पाच लाख लोकांचा दहा वर्षे पाठपुरावा झाला. तिथल्या अनेकांना जनुकामुळे दारू सोसत नाही, तोंड लाल होते, म्हणून ते कमी पितात. जनुक कुणी स्वतः निवडत नाही, त्यामुळे ही तुलना जास्त स्वच्छ ठरते. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. स्ट्रोकपासून थोड्या दारूचे संरक्षण मिळते असे दिसले नाही, पिणे वाढेल तसा धोका चढतच गेला.

आपल्या लोकांसाठी वेगळी नोंद करायला हवी, आणि ती मी दिरांना दोनदा वाचून दाखवली. हृदयविकाराच्या झटक्याची कारणे शोधणारा ‘इंटरहार्ट’ हा ५२ देशांतला अभ्यास २००४ मध्ये आला. त्यात एकंदरीत नियमित थोडे पिणाऱ्यांत झटके कमी दिसले. पण दक्षिण आशियातल्या, म्हणजे भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ इकडच्या लोकांत तो फायदा दिसला नाही. कारण पिण्याची पद्धत असेल, आहार असेल. काहीही असो, फ्रान्समधल्या माणसाचा आकडा उचलून कर्वेनगरच्या बाल्कनीत लावता येत नाही.

आणि मर्यादेच्या आकड्यांवर देशोदेशींचे एकमत नाही. ब्रिटन २०१६ पासून स्त्री-पुरुष दोघांनाही आठवड्याला १४ युनिट सांगते, त्यांचे युनिट ८ ग्रॅमचे, म्हणजे ११२ ग्रॅम. सहा लाख पिणाऱ्यांच्या माहितीवरचा २०१८ चा एक मोठा अभ्यास सांगतो, की आठवड्याला १०० ग्रॅमच्या वर गेले की मृत्यूचा धोका चढायला लागतो. त्याच अभ्यासात झटके थोडे कमी, पण स्ट्रोक, हार्ट फेल्युअर, महाधमनीला येणारा फुगवटा हे सगळे जास्त. कॅनडात २०२३ मध्ये तज्ज्ञांच्या गटाने आठवड्याला दोन ड्रिंकपर्यंत कमी धोका, तीन ते सहा मध्यम, सात आणि पुढे वाढता धोका असे मांडले, आणि त्यांचे ड्रिंक साडेतेरा ग्रॅमचे. आता नवऱ्याचे १०० ग्रॅम यात ठेवून बघा. ब्रिटनमध्ये तो मर्यादेत बसतो, २०१८ च्या अभ्यासात काठावर, आणि कॅनडात सातच्या पुढे जातो. मापाने मोजून दोन स्मॉल पेग, आठवड्यातून दोनदा, असे केले की ४० ग्रॅम होतात, कॅनडाच्या हिशोबाने तीन ड्रिंक. १८० रुपयांत एवढा फरक पडला. आमच्या घरी तरी दुसऱ्या कुठल्याही उपदेशाने तो पडला नव्हता.

कर्करोगाचा भाग मला सगळ्यांत जवळचा आहे. माझ्या मावसबहिणीला स्तनांचा कर्करोग झाला. ती शनिवार-रविवारी एखादा ग्लास वाईन घ्यायची, याहून जास्त कधीच नाही. तिच्या आजाराचे कारण ते होते असे कोणताही डॉक्टर म्हणू शकणार नाही, आणि मीही म्हणत नाही. पण तिला हे कुणीच कधी सांगितले नव्हते, की दारूचा स्तनांच्या कर्करोगाशी संबंध आहे आणि तो थोड्या प्रमाणापासून सुरू होतो. मला त्याचे वाईट वाटते. रोज १० ग्रॅम, म्हणजे एक स्मॉल पेग, यामागे तो धोका ७ ते १० टक्क्यांनी वाढतो असे अनेक अभ्यासांत आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग नक्की करणाऱ्या गोष्टींत, तंबाखूच्या पंगतीत, टाकले आहे. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन, अशी यादी आहे. शरीर अल्कोहोलचे आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करते आणि मग अ‍ॅसिटेट. मधला पदार्थ डीएनएला इजा करतो. तो व्हिस्कीतून आला, बिअरमधून आला की रेड वाईनमधून, पेशीला फरक पडत नाही. बायकांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्यामुळे तेवढ्याच पेगमध्ये रक्तातली पातळी जास्त चढते, हेही मैत्रिणींनी लक्षात ठेवावे. आपल्याकडे तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाचा कर्करोग आधीच जास्त, आणि दारू व तंबाखू एकत्र आले की धोका नुसत्या बेरजेपेक्षा जास्त वाढतो.

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये म्हटले, की दारूचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. दुसरी बाजू लपवायची नाही म्हणून हेही लिहिते. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या शास्त्रज्ञांच्या संस्थेच्या समितीने कधीच न पिणाऱ्यांच्या तुलनेत बेताने पिणाऱ्यांत एकूण मृत्यू कमी दिसतात असा निष्कर्ष काढला, त्याच अहवालात स्तनांचा कर्करोग मात्र जास्त. लगेच जानेवारी २०२५ मध्ये तिथले तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याबद्दल देशाला सल्ला देणारे मुख्य डॉक्टर, विवेक मूर्ती यांनी बाटलीवर कर्करोगाचा इशारा छापावा अशी शिफारस केली. प्रश्न कायमचा सोडवू शकेल अशी एक मोठी चाचणी अमेरिकेत सुरू झाली होती, लोकांना चिठ्ठी टाकून रोज एक ड्रिंक किंवा काहीच नाही असे वाटून. तिला मद्य कंपन्यांचा पैसा होता आणि संशोधकांनी तो मिळवताना कंपन्यांशी आधीच बोलणी केली होती हे बाहेर आल्यावर २०१८ मध्ये ती बंद करावी लागली. एवढ्या सगळ्यातून माझ्यापुरते मत असे झाले आहे: ज्याला चव आवडते आणि संध्याकाळ आवडते त्याने मोजून घ्यावी, चवीसाठी घ्यावी. हृदयाच्या नावाने घेऊ नये, आणि जो घेत नाही त्याने आरोग्यासाठी म्हणून सुरू तर अजिबात करू नये. मी स्वतः लग्नाच्या वाढदिवसाला थोडी वाईन घेते. ती आवडते म्हणून घेते, याच मापाने मोजून.

मापाने आमच्या घरी प्रत्यक्ष काय बदलले तेही सांगते. सुरुवातीला नवऱ्याला संकोच वाटायचा, पाहुण्यांसमोर माप काढणे म्हणजे कंजूषपणा वाटतो म्हणायचा. मग त्याचीच झोप सुधारली. दारूने झोप लवकर लागते, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती तुटते, घोरणे वाढते. गुरुवारी पहाटे तीनला उठून बसणे कमी झाले आणि त्याने ते स्वतःहून सांगितले. सहा महिन्यांनी ट्रायग्लिसराइड उतरले. त्यात चालण्याचा वाटा आहे आणि चकण्याचाही. खारे शेंगदाणे आणि फरसाणाची वाटी पेगाबरोबरच लहान झाली. अल्कोहोलच्या एका ग्रॅममध्ये ७ कॅलरी असतात, तुपाच्या खालोखाल, हे वजन कमी करू पाहणारे विसरतात. लॅबमध्ये सोमवारी सकाळी काही नळ्यांतले सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव, दुधाळ दिसायचे, रविवारची पार्टी त्यात तरंगत असायची. जीजीटी नावाची यकृताची रक्त तपासणी बरेच काही सांगते, आणि दारू कमी केली की ती काही आठवड्यांत उतरते. स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे असेल तर ती आधी आणि नंतर करून घ्या.

मापाच्या मर्यादा. गाडी चालवायची असेल तर माप उपयोगाचे नाही, गाडीच चालवू नये. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम इतकी कमी आहे, आणि शरीर तासाला जेमतेम ७-८ ग्रॅम अल्कोहोल हाताळते. कॉफीने किंवा लिंबूपाण्याने तो वेग वाढत नाही. दीर रिक्षाने येतात आणि रिक्षाने जातात. गरोदरपणात मोजून सुद्धा नाही. झोपेच्या गोळ्या, मधुमेहाच्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधे, मेट्रोनिडॅझोल हे जंतुसंसर्गावरचे औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. उपाशीपोटी घेतल्याने साखर एकदम खाली जाऊ शकते. हृदयाचे ठोके अनियमित होत असतील तर रोजचा एक पेगही जपून, कारण युरोपातल्या लाखभर लोकांच्या पाहणीत (२०२१) रोज १२ ग्रॅम घेणाऱ्यांत एट्रियल फिब्रिलेशन हा ठोके अनियमित होण्याचा विकार १६ टक्क्यांनी जास्त आढळला.

आणि एका अवस्थेत हे माप घरात आणूच नये. ज्याला पहिल्यानंतर थांबता येत नाही, सकाळी हात थरथरतात, लपवून ठेवावी लागते, त्याच्या हातात माप देऊन घरच्यांनी स्वतःची समजूत घालू नये. त्याला मोजून पिणे जमत नाही, यात त्याचा दोष शोधू नका, तो आजार आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक एकट्याने बंद केली तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो, म्हणून सोडताना डॉक्टर हवेत. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेले मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथे घरच्यांशीही बोलतात. लाज वाटते म्हणून वर्षे घालवू नका.

आता वस्तूच्या बारीकसारीक गोष्टी. दोन वाट्या जिथे जोडल्या आहेत तिथे खाच आहे, त्यात गोड पेये अडकून चिकट होते. जुन्या मऊ टूथब्रशने घासले की निघते. काठ जरा धारदार होता, बारीक पॉलिश पेपर फिरवल्यावर ठीक झाला. ओतताना ६० ची बाजू थोडी ओघळते. छोट्या बाजूने दोनदा घेणे बरे, त्यात हातही थांबतो. स्टील अजून डागाळलेले नाही. रेघ बारीक आहे, चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून मी तिच्या पातळीला बाहेरून नेलपॉलिशची खूण केली आहे. औषधे मोजायला हे वापरू नका, खोकल्याच्या औषधाची ५ आणि १० मिलीची खूण यावर नाही.

घ्यायला जाल तेव्हा आत रेघ असलेलेच मागा. बाहेर कोरलेल्या आकड्यावर विसंबू नका. पर्समध्ये १० मिलीची सिरिंज आणि पाण्याची छोटी बाटली ठेवा, दुकानातच तीन सिरिंजा पाणी लहान बाजूत सोडा आणि ते रेघेला टेकते का बघा. मला त्या दुकानदाराने करू दिले. रेघेच्या खाली राहिले तर माप मोठे आहे, दुसरे दाखवा म्हणा.